सोसायटीत किल्ल्याला बंदी आलीय, मुलांनी कमिटीकडे स्वतः जावं का?

पाचवा मजला

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात राहतो, तीन विंग, चौऱ्याऐंशी फ्लॅट. मुलगा पाचवीत. गणपती उठले आणि चार दिवसांत लिफ्टपाशी नोटीस लागली की यंदा दिवाळीत बागेत किंवा पार्किंगमध्ये किल्ला करायचा नाही. कारण गेल्या वर्षी माती जाळीत जाऊन पावसाळी लाईन तुंबली आणि नव्या फरशीवर गेरूचे डाग पडले ते अजून गेलेले नाहीत. खोटं काही नाही त्यात, डाग आहेत, त्यातला एक तर आमच्याच चिरंजिवांच्या पायाचा आहे.

मला वाटलं रडारड होणार. तर तो म्हणाला, हे कोणी ठरवलं? म्हटलं कमिटीने. कमिटी म्हणजे कोण? आता मला सातातली दोनच नावं सांगता आली, आम्ही इथे सहा वर्षं राहतोय. मग म्हणाला, आम्हाला कोणी विचारलं का? नवरा म्हणाला थांब मी चेअरमनना व्हॉट्सअॅप टाकतो, होऊन जाईल, आणि बहुतेक झालंही असतं. पण मीच त्याला थांबवलं. का थांबवलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, अजूनही धड येत नाही.

या मुलाने बालवाडीपासून तीन वेळा 'कम्युनिटी हेल्पर्स'चा प्रोजेक्ट केलाय. पोस्टमन, फायरमन, नर्स, दुकानातून पाच रुपयांचा चार्ट आणायचा, कापायचा, चिकटवायचा, छान शेरा मिळतो. आणि रोज गेट उघडणाऱ्या वॉचमन काकांचं नाव त्याला माहीत नाही. मला माहीत होतं असं म्हणाले असते पण मलाही फक्त आडनाव.

त्यावरून दुसरी गोष्ट. वॉचमन काकांचा मुलगा याच्याच वयाचा, पंपरूमच्या मागच्या खोलीत राहतात ते. गेल्या वर्षी किल्ल्याच्या वेळी तो बाजूला उभा राहून बघायचा. यंदा आमच्याने विचारलं की तो का नाही आपल्यात. मी 'असंच' म्हणून वेळ मारून नेली, त्याची मला लाज वाटतेय.

तर प्रश्न असे की मुलांनी स्वतः कमिटीकडे जावं असं कोणी केलंय का? कोणत्या वयात जमतं? आपण मागे किती उभं राहायचं? आणि त्या मुलाचं काय करू?

---

निंबूपाणी

अहो पोरांना खेळू द्या की. आता किल्ल्याचंही शिबिर करणार का. आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात किल्ले केले, अर्ज बिर्ज कोणाला केला नाही. माती शेजारच्या बांधकामावरून ढापली, विटा पण. मालक ओरडायचे, आम्ही पळायचो, दिवाळी झाली की मालकच पाहुण्यांना आणून किल्ला दाखवायचे. त्यातून आम्ही जे शिकलो ते शिकलो.

---

पाचवा मजला

@निंबूपाणी तुमच्या वाड्यात माती तरी होती. इथे पेव्हर ब्लॉक आहेत आणि ओरडणारे मालक नाहीत, सीसीटीव्ही आहे.

---

माजी सेक्रेटरी (ठाणे)

ताई, नऊ वर्षं सेक्रेटरी होतो, आता सुटलो, त्यामुळे मोकळेपणी सांगतो.

पहिलं म्हणजे कॅलेंडर बघा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे तुमच्याकडे ती आता तोंडावर असणार. पण पोरांना घेऊन सभेत जाऊ नका. अजेंड्यावर शेवटी एक ओळ असते, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. लोकांना वाटतं आपला विषय तिथे मांडू. तिथे काहीही होत नाही. कोरम नाही म्हणून आधी अर्धा तास सभा तहकूब, मग पार्किंगवरून भांडण, मग गळतीवरून, आणि ऐनवेळच्या विषयापर्यंत येईतो अर्ध्या सभेचं लक्ष समोशाकडे आणि उरलेली अर्धी घरी. मुलं सभासद नाहीत, मत देता येत नाही, त्यांना कोणीतरी 'वा वा किती गोड' म्हणेल आणि विषय संपेल. गोड म्हटलं की समजायचं की काम झालं नाही.

त्यापेक्षा कमिटीच्या महिन्याच्या मीटिंगला पत्र द्या. मुलांच्या अक्षरात, चुका असू देत. त्यात 'कृपया परवानगी द्यावी' ही ओळ शेवटी. सुरुवात जाळी तुंबली होती आणि डाग पडले होते तिथून. हे मान्य केलं की निम्मी कमिटी खाली बसते, कारण त्यांची तयारी भांडायची असते. मग यंदा काय करणार ते लिहायचं. खाली जुना फ्लेक्स किंवा ताडपत्री, कडेने विटांची ओळ, जाळीवर गोणपाट, गेरूऐवजी दुसरं काही, कोणत्या तारखेला सुरू आणि कोणत्या तारखेला उचलणार, आणि उचलायला कोण कोण येणार त्यांची नावं. ही शेवटची यादी करताना बघा किती मुलं गळतात! बांधायला वीस, उचलायला तीन.

आणि दोन प्रती करायच्या. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची, सही आणि तारीख. मी तर म्हणतो पोच घ्यायला शिकला की मुलगा अर्धा नागरिक झाला. आपल्याकडे एमए झालेली माणसं पोच न घेता अर्ज देऊन येतात आणि मग वर्षभर 'दिला होता हो' म्हणत फिरतात.

आमच्याकडचा किस्सा. मुलांना बॅडमिंटनसाठी नऊपर्यंत लाईट हवे होते. आम्ही तोंडी नाही म्हटलं. सातवीतला एक मुलगा आला आणि म्हणाला, काका, नाही म्हटलंत ते इतिवृत्तात लिहिलंय का, आणि कारण काय लिहिलंय? आम्ही नव्हतं लिहिलं. पुढच्या मीटिंगला लिहायला बसलो तर कारण सुचेना. बिल? एलईडी दोन, किती येणार. आवाज? समोर रस्ता आहे, बसचा आवाज जास्त. शेवटी साडेआठ ठरलं. तो मुलगा मला तेव्हा अतिशय आगाऊ वाटला होता, प्रामाणिकपणे सांगतो.

तुम्ही मागे किती उभं राहायचं? दाराबाहेर. आत आलात की कमिटी तुमच्याशीच बोलणार, मुलाशी नाही.

---

झेडपीवाले गुरुजी

वरच्या सेक्रेटरी साहेबांशी सहमत, फक्त गोड म्हणण्याबद्दल थोडी भर घालतो कारण आमच्या शाळांत हा रोग जास्त आहे.

आमच्याकडे शालेय मंत्रिमंडळ असतं, निवडणूक होते, हल्ली मोबाईलवर व्होटिंग मशीनचं अॅप येतं त्याचा बीप वाजला की पोरं जाम खूश, बोटाला शाई, प्रचार, सगळं. मग शपथविधी, फोटो, ग्रुपवर टाकला, अधिकाऱ्यांचा अंगठा आला. आणि दुसऱ्या दिवसापासून मुख्यमंत्री घंटा देतो, पाणीमंत्री टाकी भरते आणि स्वच्छतामंत्री मैदानातले कागद उचलतो म्हणजे शिपाई नसल्याची सगळी कामं मंत्र्यांकडे. मी स्वतः चार वर्षं हेच केलं, मला कळत पण नव्हतं की यात मुलांच्या हातात ठरवायला काहीच नाहीये, नुसतं राबायला आहे. एका मुलीने विचारलं गुरुजी सहलमंत्री आहे मी तर सहल कुठे जायची ते मला का नाही विचारलं. बरोबर आहे ना. मग त्या वर्षीपासून सहलीचं बजेट फळ्यावर लिहायला लागलो, एसटीचं भाडं, किलोमीटर, माणशी किती, आणि मग ठरवा म्हटलं. त्यांनी आधी महाबळेश्वर लिहिलं, भाडं काढलं, खोडलं, मग आणखी तीन ठिकाणं खोडली आणि शेवटी तालुक्याच्या बाहेर न जाणारी सहल स्वतःच काढली. मी सुचवली असती तर तोंडं पाडली असती.

दुसरं ग्रामसभेचं. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घ्यायची पद्धत पडलेली आहे, झेंडावंदनाला मुलं तिथेच असतात आणि चॉकलेट घेऊन घरी जातात आणि मग सभा सुरू होते. आम्ही त्यांना थांबवायला लागलो. मागे बसायचं, बोलायचं नाही, फक्त वहीत लिहायचं की कोण बोललं आणि काय ठरलं. पुढच्या सभेच्या आधी तीच वही काढायची आणि बघायचं ठरलेलं झालं का. शाळेसमोर गतिरोधक करायचं ठरलं होतं, तीन सभा झाल्या तरी नव्हता. मुलांनी तारखांसकट एक कागद लिहून सरपंचांना दिला, बाकी काही नाही, फक्त तारखा. दोन महिन्यांत गतिरोधक झाला. (इतका उंच झाला की आता सगळ्या मोटरसायकली घासतात आणि गाव मलाच शिव्या घालतं, तो भाग वेगळा.)

कोणी म्हणेल लहान मुलांना काय कळतंय, तर संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार आहे आणि भारताने तो १९९२ मध्ये मान्य केलाय, त्यातलं १२ वं कलम हेच सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाला मत मांडू द्या आणि त्याचं वय, समज बघून त्या मताला वजन द्या. वजन द्या म्हटलंय, ऐकाच असं नाही म्हटलेलं. त्यामुळे कमिटी नाही म्हणाली तरी चालेल, पण कारण सांगून म्हणाली पाहिजे.

---

निंबूपाणी

गतिरोधकावर हसलो. बरं, मागे घेतो थोडं.

---

वऱ्हाडी ठेचा

एक राहिलं. कमिटी हो म्हणाली तरी खरी मारामारी पुढेच आहे, किल्ला कोणता करायचा. आणि तिथे मोठी माणसं हमखास म्हणतात, चला हात वर करा, मतदान घ्या. घेऊ नका. बारा विरुद्ध आठ झालं की आठ पोरं फुगून बसतात आणि माती उचलायला येत नाहीत, वर बारातले चार नुसते मित्रासाठी हात वर करणारे.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा लेखा नावाचं गोंडांचं गाव आहे, 'दिल्ली मुंबई आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळालेलं गाव. तिथे बहुमताने ठरवत नाहीत, सर्वसहमतीने ठरवतात, एकाचा जरी विरोध असला तरी विषय थांबतो, परत बसायचं, परत बोलायचं. आणि बोलण्याआधी अभ्यास, त्यासाठी वेगळे अभ्यास गट. वेळ लागते पण नंतर कोणी म्हणत नाही का माझं ऐकलं नाही. माझ्या पोरीच्या ग्रुपमध्ये करून पाहिलं, दोन संध्याकाळी गेल्या पार, तिसऱ्या दिवशी त्यांनीच काढलं काहीतरी. मधात फक्त मी पोहे दिले.

---

व्हाळाकाठी

आम्ही सिंधुदुर्गातले. किल्ल्याचं मला फार माहीत नाही, आमच्याकडे त्या दिवसांत भातकापणी असते आणि ती आटपली की बंधारा.

भात झालं की व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, अजून पाणी असतं पण रोज उतरत जातं, तेवढ्यात अडवलं तर वाडीतल्या विहिरींना आणि वायंगणाला (उन्हाळी भाताला) उन्हाळ्याकडे फरक पडतो. वनराई बंधारा म्हणतात, सिमेंटच्या रिकाम्या गोणी आणायच्या, माती भरायची, तोंड शिवायचं आणि विटांसारख्या सांधे चुकवून रचायच्या. वाडीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस यायचं असा नियम, आणि नाही आला तर कोणी दंड करत नाही पण वर्षभर बोलतात. ते जास्त लागतं.

माझी मुलगी मुंबईत वाढली, लॉकडाऊनमध्ये आम्ही गावी आलो ते राहिलो. तेव्हा ती नऊ वर्षांची. पहिल्या वर्षी मी तिला बघायला नेलं, तर एक काकी म्हणाली, बघूक खय आणलंय, गोणीचा तॉंड धरूक लाव तिका. मुलांचं काम तेच, एकाने गोणीचं तोंड उघडं धरायचं, दुसऱ्याने घमेलं ओतायचं, आणि मोठी मुलं दाभण सुतळीने शिवतात. तिने नीट धरलं नाही, माती बाहेर सांडली, तर समोरचा आठ वर्षांचा पोरगा तिच्यावर खेकसला. मी मध्ये पडणार होतो. काकीने हात धरला माझा.

दुपारी पेज आणि काळ्या वाटाण्याची उसळ झाली तोपर्यंत आमची मुलगीच दुसऱ्यांवर खेकसत होती.

आता सांगायचं ते हे की बंधाऱ्यात तिची शिवलेली एक गोण होती. खरं तर तीन, पण एक तिने ओळखून ठेवलेली, निळ्या सुतळीची. डिसेंबरात कोणाच्या तरी म्हशींनी एक कोपरा ढासळवला. ही धावत घरी आली, 'आपला बंधारा फुटला'. आपला म्हणाली. कोणी शिकवलं नव्हतं. तिची गोण नव्हती ढासळलेली, दुसऱ्याचीच होती, तरीही. मला वाटतं मुलाच्या हातून झालेलं काहीतरी तिथे पडून राहिलं पाहिजे, मग तो मुलगा त्या जागेकडे वेगळ्या नजरेने बघतो. चार्ट चिकटवला तो भिंतीवर राहतो किंवा रद्दीत जातो, त्याच्यावाचून कोणाचं अडत नाही.

आणि खेकसू द्या. मध्ये पडू नका.

---

पंपरूम

मी सहसा वाचतो फक्त, लिहीत नाही. ताईंनी शेवटचा जो प्रश्न विचारलाय त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

मी अशाच खोलीत वाढलो. वडील वॉचमन होते, आई चार घरी कामाला, त्याच सोसायटीत. किल्ल्याला मला बोलवायचे. दगड आणायला बोलवायचे, पाणी आणायला बोलवायचे, रात्री मांजर येतं म्हणून लक्ष ठेवायला सांगायचे कारण मी खालीच असायचो. किल्ला कोणता करायचा ते ठरवायला नाही बोलावलं कधी. पुठ्ठ्यावर सगळ्यांची नावं लिहिलेली असायची, विंगप्रमाणे. माझी विंग नव्हती.

मुलं वाईट नव्हती हो. त्यांना सुचलंच नाही. त्यांच्या घरातही कोणाला सुचलं नाही.

दोन गोष्टी सांगतो. एक, त्याला परस्पर खेळायला बोलावू नका, आधी त्याच्या वडिलांशी बोला. कारण एखाद्या काकूंनी तक्रार केली तर बोलणी तुम्हाला नाही, त्यांना बसणार आणि नोकरी त्यांची जाणार. माझे वडील मला हाक मारून आत घ्यायचे, मला तेव्हा त्यांचा राग यायचा, आता कळतं. म्हणून कमिटीला जे पत्र जाणार आहे त्यात इतर मुलांबरोबर त्याचंही नाव असू दे. कागदावर आलं की मग ती तुमच्या सोसायटीची गोष्ट झाली, त्यांची चूक नाही झाली.

दोन, त्याला विचारा त्याला कोणता किल्ला हवाय. बस.

---

पाचवा मजला

@पंपरूम, तुमचं दोनदा वाचलं. काय लिहू कळत नाही. आजच बोलते त्यांच्याशी.

---

पाचवा मजला

सांगते काय काय झालं ते, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून. तीन आठवडे गेले मध्ये.

वॉचमन काकांशी बोलले. आधी ते 'नको मॅडम, तो अभ्यास करतो' एवढंच म्हणाले, तीनदा. मग मी पत्राचं सांगितलं की सगळ्यांच्या सह्या आहेत, तर म्हणाले कमिटीने हो म्हटलं तर पाठवतो. त्यांचं नाव आता मला माहीत आहे आणि मुलालाही. ते मराठवाड्यातले, त्यांचा मुलगा महापालिकेच्या शाळेत पाचवीतच, आणि त्याचं अक्षर या सगळ्या इंग्लिश मीडियमवाल्यांपेक्षा इतकं चांगलं निघालं की शेवटी पत्र त्यानेच लिहिलं. हे मी नाही सुचवलं, आमच्या कार्ट्यांना 'ड्रेनेज तुंबले' लिहिता येईना म्हणून झालं.

कमिटीत तीन मुलं गेली आत, मी खरंच दाराबाहेर. पोच मागितली तेव्हा आत हशा झाला आणि मला सेक्रेटरी काकांची आठवण आली, पण सही मिळाली. निकाल असा की किल्ला बागेच्या कोपऱ्यात, ताडपत्रीवर, भाऊबीजेनंतर पाच दिवसांत उचलायचा, डाग पडले तर मुलांनी घासायचे. आणि एका बाईंनी विचारलंच की 'हा आपल्या सोसायटीतला आहे का'. आमचा म्हणाला, तो इथेच राहतो की, तुमच्या आधीपासून. ते खरं आहे, त्या बाई मागच्या वर्षी आल्या. सगळे गप्प झाले असं तो सांगतो, मला बाहेर फक्त खुर्च्यांचा आवाज आला. खाली त्या बाई आता माझ्याशी बोलत नाहीत.

कोणता किल्ला यावर तीन संध्याकाळी गेल्या. रायगड, प्रतापगड, आणि एकाला जंजिराच हवा होता, त्याला सगळ्यांनी सांगितलं की अरे जंजिरा महाराजांना मिळालाच नाही कधी, तर तो म्हणे म्हणूनच करू, आपण घेऊ. मतदान होऊ दिलं नाही, ठेचावाल्यांचं ऐकून पोहे दिले. शेवटी राजगड ठरला, कारण त्याला पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आहेत आणि आमच्या विंग तीन. बालेकिल्ला सगळ्यांनी मिळून. हे कोणाला सुचलं विचारलं तर प्रत्येक जण स्वतःचं नाव सांगतो. खाली राहणारा मुलगा कोणत्या माचीत यावर पुन्हा एकदा वाजलं, प्रत्येकाला तो हवा होता कारण त्याला चिखलाचा गिलावा सरळ करता येतो, गावी आजोबांच्या घराला लावलाय त्याने. तो स्वतः म्हणाला मी बालेकिल्ल्याला.

उचलायच्या यादीत सात नावं आहेत. एकवीसपैकी. बघू.

आता अडलंय ते साधं आहे. माती कुठून आणायची? निदान दहा बारा पोती लागतील. नर्सरीवाला एका पोत्याचं जे सांगतोय ते ऐकून मुलांचं बजेट तिथेच संपतंय.

---

निंबूपाणी

बांधकामावरून ढापा म्हणणार होतो, पण आता तुमच्याकडे पोचबिच असते.

टेकडीवरची खणून आणू नका, एवढं पाळा. जवळ कुठे बंगल्याचा पाया किंवा पाईपलाईनचं खोदकाम चालू असेल तर तिथल्या मुकादमाला मुलांनीच विचारायचं, टाकून द्यायचा मुरूम असतो, देतात. आत दगड आणि विटांचे तुकडे भरा, वर गोणपाट, माती फक्त वरच्या थराला, मग चार पोत्यांत भागतं. आळीव धनत्रयोदशीच्या तीनचार दिवस आधी पेरा म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवं दिसतं. मावळे कसबा पेठेत कुंभारवाड्यातून घ्या.

आणि उचलायच्या दिवशी सकाळी कळवा, मी कोथरूडला असतो, घमेलं आणतो माझं.